लव्हाळा, हरळी आणि वेडेलियासाठी चार दातांचा फोर्क : दोन पावसाळे वापरून झाल्यावर

बागेत काही झाडं अशी असतात की वरून काढली की पुढच्या खेपेला जास्त जोमानं येतात. पुण्यात सिंहगड रस्त्याला आमच्या घराभोवती अशी चार आहेत : लव्हाळा, हरळी, पिवळ्या फुलांची वेडेलिया आणि जांभळ्या फुलांची रुएलिया. पावसाळ्यात उगवून बी टाकून मरणाऱ्या तणाचं एक बरं असतं, फुलण्याआधी उपटलं की त्याचा प्रश्न मिटतो. ही चारही मात्र वर्षानुवर्षं जगणारी. त्यांचा जीव जमिनीखालच्या गाठींत, मुळांत आणि कांड्यांत असतो. म्हणून हत्यार निवडताना एकच गोष्ट मी महत्त्वाची मानते : ते हत्यार जमिनीखालचा भाग तोडतं, की अख्खा वर उचलतं?

या एका कसोटीवर चार दातांचा मोठा फोर्क बाकी सगळ्यांच्या पुढे आहे. खुरपं, कुदळ, टिकाव, काळं वीड मॅट, तणनाशक या सगळ्यांच्या आधी तो घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सविस्तर लिहिते, कारण दुकानात हे कोणी समजावून सांगत नाही.

फोर्क म्हणजे कुंडीतली माती उकरायचा छोटा पंजा इथे अभिप्रेत नाही. उभं राहून, पाय देऊन जमिनीत घालायचा हा मोठा फोर्क आहे. माझ्याकडच्या फोर्कचे दात साधारण ३० सेंटीमीटर लांब आहेत, चारही दात मिळून रुंदी १९ सेंटीमीटर. दांडा लाकडी, वर डीच्या आकाराची मूठ. वजन दोन किलोच्या आसपास. बोहरी आळीत लोखंडी सामानाच्या एका जुन्या दुकानात ११५० रुपयांना घेतला. ऑनलाइन याच नावानं पाचशे रुपयांच्या आतही मिळतो, पण त्यात दात पट्टीला वेल्डिंग करून जोडलेले असतात. आमच्या शेजारी तसा एक आहे आणि त्याचे मधले दोन दात पहिल्याच उन्हाळ्यात वाकले. काळ्या मातीत सगळा जोर दाताच्या मुळाशी येतो, आणि वेल्डिंग नेमकं तिथेच असतं. चारही दात आणि दांडा बसायची खोबण एकाच लोखंडातून ठोकून काढलेली असेल, तरच पैसे द्या.

ते ओळखायचं कसं, हे दुकानातल्या आजोबांनी फार चांगलं दाखवलं. फोर्क मुठीपाशी सैल धरून त्यांनी दात उंबऱ्याच्या दगडावर हलकेच आपटले. एकाचा आवाज खणखणीत आला, दुसऱ्याचा बद्द. "काकू, याला पाणी बरोबर दिलंय," असं म्हणून त्यांनी खणखणीत वाजलेला माझ्या हातात दिला. पाणी देणं म्हणजे तापलेलं लोखंड पाण्यात बुडवून कणखर करणं. मग स्वतःच तो जमिनीला टेकवून मला शेजारी उभं राहायला सांगितलं, दांडा माझ्या उंचीला पुरतो का ते बघायला. मूठ नाभीच्या जरा वर आली की दांडा बरोबर. दुकानाबद्दल माझी एवढीच तक्रार आहे की आळीत गाडी नेता येत नाही. मंडईजवळच्या वाहनतळात ठेवून चालत जावं लागतं, आणि परतताना फोर्क खांद्यावर घेऊन गर्दीतून यायचं म्हणजे दात नीट गुंडाळून घ्यावे लागतात. एक गोणपाट सोबत न्या.

आता तोडणं आणि उचलणं यातला फरक, कारण सगळं त्यावरच आहे. लव्हाळ्याची पाती चिमटीत धरून ओढली तर ती मातीच्या जरा खालून सहज तुटतात आणि गाठ खालीच राहते. या गाठी पातळ, कठीण दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, माळेतल्या मण्यांसारख्या. माळ अख्खी असते तेव्हा टोकाची गाठ कोंब काढते आणि बाकीच्या बऱ्याचशा निजून राहतात, कारण टोकाचा कोंब बाकीच्यांना दाबून धरतो. कुदळीचा एक घाव बसला की माळेचे तुकडे होतात, तो दाब सुटतो आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे फुटू लागतो. आमच्याकडे बागेला येणारे काका मूळचे भोरकडचे. ते म्हणतात, "ताई, लव्हाळा तोडला की त्याला पोरं होतात." यापेक्षा थोडक्यात ते सांगता येणार नाही.

लव्हाळा साधा शत्रू नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या जगभरातल्या तणांच्या आढाव्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा होता आणि दुसरा हरळीचा. दोन्ही आपल्याकडे परसात एकाच वाफ्यात शेजारी शेजारी नांदतात. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटीमीटरच्या थरात असतात, थोड्या त्याखालीही जातात. म्हणजे ३० सेंटीमीटरचे दात त्यांच्या खाली पोचतात. खुरप्याचं पातं पोचत नाही.

वापरायची रीत अशी. झुबक्याच्या कडेपासून वीतभर बाहेर फोर्क सरळ उभा धरायचा, फोर्कच्या खांद्यावर, म्हणजे दातांच्या वरच्या आडव्या भागावर, पाय देऊन दात पूर्ण आत जाऊ द्यायचे. मग मूठ जरा मागे झुकवायची. जमीन किंचित उचलली जाते, भेगाळते, पण उलटत नाही. तिथेच थांबायचं. पुढे सरकून झुबक्याच्या दुसऱ्या बाजूनंही तेच करायचं. चारी बाजूंनी माती सैल झाली की मग फोर्क मधोमध खाली घालून अख्खं ढेकूळ वर काढायचं आणि हलवायचं. माती दातांमधून गळते, लव्हाळ्याच्या माळा दातांवर अडकून राहतात. त्या हातानं काढून घमेल्यात टाकायच्या. पहिल्याच ढेकळातून चार-पाच गाठींची न तुटलेली माळ हाती आली तेव्हा मला झालेला आनंद मी लपवणार नाही. अशी अख्खी माळ मी तोवर पाहिलीच नव्हती.

घाई केली तर हे जमत नाही, आणि मातीची वेळ चुकली तर अजिबातच जमत नाही. आमची माती काळी. एप्रिल-मेमध्ये ती दगड होते, दात आत जात नाहीत. जुलैच्या झडीत चिखल होतो, दातांच्या मध्ये लादीसारखा भरून बसतो आणि गाठी त्यातच लपून राहतात. फोर्क चालतो तो वाफशावर, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही अशा वेळी. मूठभर माती घेऊन गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडावा. पडून फुटला, भुगा झाला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर अजून दोन दिवस थांबा. पावसानं उघडीप दिली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी सहसा वाफसा येतो. उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर आदल्या आठवड्यात वाफ्याला भरपूर पाणी देऊन ठेवायचं. शेतकरी घरातल्या माणसांना हे सांगावं लागत नाही, पण फ्लॅटमधून बंगल्यात आलेल्या माझ्यासारख्यांना वाफसा हा शब्द अवजारासोबतच शिकवायला हवा. अर्धं काम तोच करतो.

काढलेल्या गाठींचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न, आणि इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. लव्हाळ्याच्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. घरच्या खड्ड्यात गाठी मरतील इतकी उष्णता सहसा होत नाही, आणि मग तेच खत घालाल तिथे लव्हाळा जाईल. त्या गाठी पाण्यात बुडवूनही लवकर मरत नाहीत. कडक उन्हात सुकल्या की मात्र मरतात. आम्ही गच्चीवर पत्रा टाकून पातळ पसरतो आणि सुरकुतून दगडासारख्या होईपर्यंत तिथेच ठेवतो. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा पत्र्याच्या शेडखाली जाळीवर ठेवते आणि ऊन पडलं की बाहेर काढते. ज्यांच्याकडे अजून बंब आहे त्यांनी वाळल्यावर सरळ बंबात घालाव्यात. वाळताना त्यांना मातकट सुगंध येतो. आयुर्वेदात मुस्ता म्हणून वापरतात त्याच या गाठी.

फोर्कमधून निसटलेल्या गाठींसाठी गवंडी वाळू चाळतात ती लोखंडी चाळण फार उपयोगी पडली. ती भिंतीला तिरकी उभी करायची आणि माती त्यावर टाकायची. पण ही युक्ती फक्त छोट्या वाफ्यांसाठी, आणि माती बऱ्यापैकी कोरडी असतानाच.

पहिल्या खेपेत सगळं निघेल ही अपेक्षा ठेवू नका. दोनेक आठवड्यांत राहिलेल्या गाठी कोंब काढतात. त्यात वाईट काही नाही, कारण त्या कोंबामुळेच गाठ कुठे आहे ते कळतं. कोंब वर आल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत तो खाली नव्या गाठी धरायला लागतो, म्हणून त्याआधी फोर्क पुन्हा घालायचा. प्रत्येक फेरीत काम कमी होत जातं. आमच्या पुढच्या अंगणातल्या गुलाबाच्या वाफ्यात पहिल्या पावसाळ्यात घमेली भरून गाठी निघाल्या, दुसऱ्या पावसाळ्यात ओंजळभर. मागच्या बाजूला, जिथे मी अधूनमधूनच पोचते, तिथे अजूनही लव्हाळा आहे. फोर्क चांगला असला तरी तो नेमानं चालवावा लागतो.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही, आणि फोर्कचं काम टिकवायचं असेल तर याचा फायदा घ्यायलाच हवा. खणून झालेली जागा मोकळी ठेवली की राहिलेल्या गाठींना मोकळं रान मिळतं. आम्ही जूनमध्ये तिथे दाट ताग पेरला. फुलावर यायच्या सुमारास, साधारण ४५ दिवसांनी, तो कापून तिथेच मातीत मिसळला. खालच्या सावलीत लव्हाळा पिवळा, केसासारखा बारीक होऊन आला आणि नत्राचं खत झालं ते वेगळं. ज्यांना ताग नको त्यांनी चवळी पेरावी.

हरळीची गोष्ट निराळी आहे, कारण ती घरात पूजेला लागते. गणपतीत आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या एकवीस दूर्वांच्या जुड्या आमच्या अंगणातून जातात. शेजारच्या आजींनी मला फोर्क घेऊन बघितलं तेव्हा त्या काळजीनं म्हणाल्या, "अगं, दूर्वा उपटून टाकू नकोस हो, भाद्रपदात कुठे शोधायच्या?" त्यांचं बरोबरच होतं. मी सिमेंटची एक लांबट कुंडी घेऊन तिच्यात चांगली लुसलुशीत हरळी लावली, ती फरशीवर ठेवली आणि जमिनीतली काढायला घेतली. कुंडी फरशीवरच हवी. मातीवर ठेवली तर खालच्या भोकातून ती उतरते आणि कडेवरून तिचे धावरे, म्हणजे आडवी पळणारी खोडं, बाहेर पडतात.

हरळी दोन मार्गांनी पसरते. जमिनीवरून हिरवे धावरे प्रत्येक पेराला मूळ धरत पळतात, आणि जमिनीखालून पांढरी, टोकदार, सुईसारखी खोडं जातात. वरच्या धावऱ्यांना फोर्कची गरज नाही, ते हातानं गुंडाळत काढता येतात. खालच्या पांढऱ्या खोडांसाठी मात्र फोर्कसारखं दुसरं काही नाही. खुरप्यानं त्यांचे बोटभर तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर डोळा असतो. फोर्कच्या दातांवर ती हातभर लांबीची, न तुटता येतात. ती जमिनीत एकमेकींत गुंतलेली असल्यानं ढेकूळ नुसतं हलवून माती गळत नाही, काठीनं झोडपावं लागतं. इथे मी फोर्कला एक गुण कमी देते. खूप जुनी, वर्षानुवर्षांची हरळी असेल तर तिची मुळं ३० सेंटीमीटरच्याही खाली असतात आणि दात तिथवर पोचत नाहीत. आपले शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करून हरळी आणि कुंदा हे तसंच चिवट गवत उन्हात तापवतात, त्याचं कारण हेच. अंगणात नांगर येत नाही, पण तत्त्व तेच ठेवता येतं : मार्चमध्ये पाणी देऊन वाफसा आणायचा, फोर्कनं ढेकळं उलटी करायची आणि मे संपेपर्यंत त्या जागेला पाण्याचा थेंब द्यायचा नाही.

वेडेलियाबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. ही नर्सरीत स्वस्तात मिळते. 'ग्राउंड कव्हर, देखभाल लागत नाही, वर्षभर फुलं' असं सांगून देतात आणि ते सगळं खरं आहे. रस्त्यांच्या दुभाजकांमध्येही ती दिसते. सांगत नाहीत ते हे की आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञगटानं केलेल्या जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे, आपल्या डोंगरांवर माजलेल्या घाणेरीच्या बरोबरीनं. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली ही वेल प्रत्येक पेराला मूळ धरते, आणि ओल मिळाली तर कापून फेकलेला तुकडाही रुजतो. आमच्या कंपाउंडच्या बाहेर, ओढ्याच्या कडेला कोणीतरी बागेतला कचरा टाकला होता. त्यातून उठलेली वेडेलिया आता काठानं खाली उतरते आहे आणि तिच्याखाली तेरडा, टाकळा काही उगवत नाही. हे बघून जीव तुटतो. पावसाळ्यात त्या काठावर तेरड्याचा गुलाबी पट्टा असायचा.

वेडेलियासाठी फोर्क उत्तम चालतो, पण रीत बदलायची. मुळं उथळ असतात, म्हणून दात उभे न घालता तिरके, जमिनीला जवळजवळ समांतर सरकवायचे आणि चटई सोलावी तशी वेल उचलत जायचं. एक माणूस फोर्क उचलतो, दुसरा हातानं गुंडाळतो. दोघं असलं की काम झपाट्यानं होतं. गुंडाळा उन्हात, सिमेंटवर वाळवायचा. पोत्यात भरून ओढ्यावर किंवा मोकळ्या प्लॉटवर अजिबात टाकायचा नाही. आणि नर्सरीवाल्यांना माझी मनापासून विनंती आहे : विकायचीच असेल तर ओढ्या-नदीजवळ लावू नका, कापलेलं बाहेर फेकू नका, एवढी एक ओळ गिऱ्हाइकाला सांगत जा.

रुएलियाला, म्हणजे उंच काळपट दांड्यांच्या आणि जांभळ्या फुलांच्या त्या झुडपाला, फोर्क निम्माच पुरतो. जमिनीखालची खोडं सहज निघतात. पण तिच्या शेंगा पिकल्या की फट्‌कन फुटतात आणि बी लांब उडतं. ओल्या मातीत ते लगेच रुजतं. म्हणून आधी शेंगा हिरव्या असताना दांडे कापून घ्यायचे आणि नंतर खणायचं. पुदिन्याला फोर्कची गरजच नाही, तो कुंडीतच लावावा. बांबूबद्दल काही जण घाबरून विचारतात. आपल्याकडचे मानवेल, मेस, कळक हे सगळे बेटानं वाढणारे आहेत, धावत जात नाहीत. पसरणारा बांबू म्हणून भीती आहे ती सोनेरी कांड्यांच्या, शोभेसाठी विकत मिळणाऱ्या फायलोस्टॅकिस बांबूची. तो घेत असाल तर आधी विचार करा.

आता फोर्कच्या ऐवजी लोक जे घेतात त्याबद्दल.

काळं वीड मॅट. प्लास्टिकच्या धाग्यांचं विणलेलं कापड, मीटरवर मिळतं. नर्सरीच्या रस्त्यांवर, कुंड्यांच्या खाली ते छान आहे. बारीकसारीक तण त्याखाली येत नाही. पण लव्हाळ्याचं टोक भाल्यासारखं असतं. पातळ प्लास्टिक ते आरपार भोसकतं, आणि विणलेल्या जाड कापडातही शिवणीतून, खिळ्याच्या भोकातून वर येतं. दुसरं म्हणजे आमच्याकडे आंब्याचा आणि बहाव्याचा पाला पडतो. वर्षभरात कापडावर पाल्याची माती साठते आणि हरळी कडेनं चढून त्या मातीत रुजते. मग तिची मुळं कापडाच्या विणीत शिरतात. ते सोडवणं हे मूळ कामापेक्षा अवघड. आधी फोर्कनं जमीन नीट साफ केली असेल तरच वरून मॅट टाकावं, आणि वाफ्यात नव्हे, पायवाटेवर.

पारदर्शक प्लास्टिक अंथरून उन्हानं जमीन तापवायची पद्धतही आहे, एप्रिल-मेमध्ये, ओल्या जमिनीवर, चार ते सहा आठवडे. बियांवर ती चांगली लागू पडते. लव्हाळ्याच्या खोल गाठींवर तिचा भरवसा धरू नये, खालची माती तितकी तापत नाही.

तणनाशकाबद्दल मला सतत विचारतात, म्हणून लिहिते. ऊस करणारे लोक लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन नावाचं तणनाशक वापरतात, आणि शेतात मजुरी परवडत नाही तिथे त्यांचा निर्णय मी समजू शकते. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकावर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घालणारी अधिसूचना काढली, ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांच्या हातूनच वापरलं जावं म्हणून. घराच्या अंगणात, जिथे मुलं अनवाणी फिरतात, कढीपत्ता आणि अळू आहे, तिथे हे फवारावं असं मला वाटत नाही. शिवाय एका फवाऱ्यात निजलेल्या गाठी मरत नाहीत, पात्यांना जोडलेल्या जागत्या गाठींपर्यंतच औषध नीट पोचतं. म्हणजे तिथेही फेऱ्या आल्याच.

फोर्कचे दोष. काळ्या मातीत दातांमध्ये चिखल भरतो आणि दर थोड्या वेळानं तो काठीनं काढावा लागतो. जोडीला एक चपटी पट्टी खिशात ठेवा. मुरूम लागला की दाताचं टोक बोथट होतं. माझ्या एका दाताचं टोक असंच जरा वळलं आहे. लोहाराकडून ते सरळ करून घेता येतं, पण मुरमाड जमिनीत आधी पहारीनं दगड बघून घ्यावेत. ठिबकच्या नळ्या असतील तर त्या बाजूला घेतल्याशिवाय फोर्क घालू नका, १६ मिलीमीटरची नळी दाताखाली कळतही नाही. चिकू, आंबा, लिंबू यांच्या बुंध्याजवळ, फांद्यांच्या घेराच्या आत खोल घालू नका. तिथली बारीक मुळं वरच्या थरात असतात आणि ती दुखावतात. तिथे हातानं बसूनच काढायचं. आणि पायात चप्पल नको, बूट हवेत. दात टोकदार आहेत, ओल्या मातीत पाय घसरतो.

एक गोष्ट मात्र मला अपेक्षा नसताना आवडली. कुदळीनं खणताना गांडुळं तुटलेली दिसायची. फोर्कच्या दातांमधून ती बहुतेक सुटतात. माती भुसभुशीत होते पण तिचे थर उलटेपालटे होत नाहीत. पावसाचं पाणी आता त्या वाफ्यात मुरतं, पूर्वीसारखं वाहून फाटकाकडे जात नाही.

देखभाल अगदी साधी. काम झालं की दात धुवायचे, फडक्यानं कोरडे करायचे, वापरलेल्या इंजिन ऑइलचा किंवा खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. दांड्याला पावसाळ्याआधी जवसाचं तेल चोळायचं. उन्हाळ्यात लाकूड आटून दांडा खोबणीत खुळखुळायला लागतो. तेव्हा रिव्हेट बदलायच्या आधी रात्रभर तो भाग ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यानं घट्ट होतो. दांडा मोडलाच तर सुताराकडून बाभळीचा करून घ्या. मूळच्या दांड्यापेक्षा तो जड असतो, पण टिकतो.

माझे गुण : लव्हाळ्यासाठी पाचपैकी पाच, वेडेलियासाठी पाच, हरळीसाठी चार, रुएलियासाठी तीन. दुकानाला पाच, त्या आजोबांनी ज्या शांतपणे दाखवलं त्याबद्दल.

घ्यायचा कोणी? ज्यांच्याकडे जमीन आहे आणि त्यात यातलं एक जरी झाड आहे, त्यांनी. नुसत्या कुंड्या असतील तर घेऊ नका, तिथे हातातला पंजा पुरतो. साठीच्या पुढच्यांनी आणि ज्यांची पाठ किंवा गुडघे दुखतात त्यांनी मोठा फोर्क न घेता त्याच दुकानातला लहान घ्यावा. त्याचे दात २३ सेंटीमीटरचे आणि रुंदी १४ असते, वजनही बरंच कमी. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठींना तेवढी खोली पुरते. माझ्या सासूबाई तोच वापरतात आणि तुळशीभोवतालचा वाफा त्यांच्याकडे आहे. त्यांनी एकदा घेतलेल्या ओळीत मला पुन्हा जावं लागत नाही. दुकानात गेलात तर दोन्ही हातात घेऊन बघा, आणि उंबऱ्यावर वाजवल्याशिवाय पैसे देऊ नका.